सोलापुरात खाजगी शाळेत नोकरी धरताना

एप्रिलचा मध्य उलटला की सोलापूरच्या पेपरांत ‘शिक्षक पाहिजेत’च्या चौकटी दिसायला लागतात. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, शाळा सकाळच्या झालेल्या, आणि बी.एड. झालेली मुलंमुली झेरॉक्सच्या दुकानात फाइल लावत उभी. त्या चौकटी सावकाश वाचा. जमलं तर एखाद्या वाचनालयात जाऊन मागच्या दोन वर्षांचे मे महिन्याचे पेपरही चाळा. एकच शाळा दर मे महिन्यात गणित, विज्ञान, इंग्रजी, पीटी आणि वर मुख्याध्यापकही मागत असेल, तर तिथं काय चालतं हे तुम्हाला मुलाखतीआधीच कळलं. नवीन तुकडी वाढली म्हणून एखादं पद निघतं. अख्खा स्टाफ दरवर्षी निघत नाही.

मी या शहरात बरीच वर्षं गणित शिकवते. सुरुवात पूर्व भागातल्या एका छोट्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत झाली, मग एका मराठी शाळेत सेमीचे वर्ग घेतले, आता शहराबाहेरच्या एका शाळेत पर्यवेक्षिका आहे आणि नवीन लोकांच्या मुलाखती घ्यायलाही बसते. त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं कानावर येतं. संस्थाचालक म्हणतात, ‘शिकवून तयार करायचं आणि वर्षात पळून जातात.’ शिक्षक म्हणतात, ‘ह्या पगारात कोण थांबतंय ओ?’

मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. पगार कमी आहे हे येतानाच माहीत असतं, तरी माणसं येतात, आणि काही शाळांत त्याच पगारावर वर्षानुवर्षं टिकतात. सोडून जातात ती वेगळ्या कारणांनी. पगाराची तारीख दर महिन्याला पुढं सरकते. दोन वर्षं राबूनही हातात एक कागद नसतो. पुढच्या वर्षी आपण कुठं असू हे सांगायला कोणी तयार नसतं. आणि मग वर्गाबाहेरची कामं अंगावर पडत जातात. म्हणून नोकरी धरताना आकडा विचाराच, पण त्याच्या मागं काय आहे तेही विचारा.

आकड्याचं म्हणाल तर ओळखीच्या मंडळींकडून जे ऐकते ते असं: बालवाडीला पाच-सहा हजार, पहिली ते चौथीला सात ते दहा, माध्यमिकला गणित-इंग्रजीवाल्याला बारा-पंधरा, आणि विजापूर रोड, होटगी रोडकडच्या मोठ्या शाळांत वीस-पंचवीसपर्यंत. इतिहास-भूगोलवाल्यांना त्याच शाळेत गणितवाल्यापेक्षा कमी मिळतं. ते कमी शिकवतात म्हणून नव्हे, त्यांच्या जागी दुसरा लगेच मिळतो म्हणून. हे अन्यायाचं आहे, पण आहे असंच.

शाळा कुठल्या गटातली

‘खाजगी शाळा’ म्हणजे एकच प्रकार नाही, आणि नवीन मुलं इथंच गोंधळतात. यूडायस, म्हणजे सरकारची शाळांच्या माहितीची नोंद, तिच्या संकेतस्थळावर शाळेची माहिती उघडते. व्यवस्थापन कोणतं, शिक्षक किती, पट किती, सगळं तिथं दिसतं. मुलाखतीच्या आदल्या रात्री एवढं बघून जा.

अनुदानित शाळेत संस्था खाजगी असली तरी पगार सरकारचा, शालार्थ ह्या सरकारी ऑनलाइन पगारप्रणालीतून. तिथं आता शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल आणि टेट म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० गुणांची, ह्या वाटेनं जावं लागतं. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. मानधन १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयाला २०,०००. तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी. सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन २९,२०० पासून आणि बी.एड. माध्यमिक शिक्षकाचं ३८,६०० पासून सुरू होतं. खाजगी शाळेतला आठ-दहा हजारांवरचा शिक्षक डोळे कुठं लावून बसलेला असतो ते ह्या आकड्यांवरून कळेल.

दुसरा गट अंशतः अनुदानितांचा. वीस टक्के, चाळीस टक्के, साठ टक्के असे टप्पे. आझाद मैदानावर जे शिक्षक पुन्हा पुन्हा पावसात बसलेले दिसतात ते बहुतेक ह्याच गटातले. विनाअनुदानित शाळेत ‘आज ना उद्या ग्रँट येईल’ म्हणून पंधरा-पंधरा वर्षं फुकट किंवा चहापाण्यापुरत्या पैशावर काढलेली माणसं ह्या जिल्ह्यात प्रत्येक तालुक्यात भेटतील. दिवसा शाळा, संध्याकाळी शेत किंवा किराणा दुकान. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण पंचविशीतल्या मुलानं आज त्या रांगेत उभं राहावं असं मी म्हणणार नाही.

तिसरा गट स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे २०१२ च्या कायद्याखाली उघडलेल्या शाळा. आज सोलापुरात नवीन दिसणाऱ्या शाळा बहुतेक ह्याच. ह्या शाळांना अनुदान मिळणारच नाही, कायद्यातच तसं आहे. तिथं कोणी ‘पुढंमागं ग्रँटवर येऊ’ म्हणालं तर तो तुम्हाला फसवतोय किंवा त्याला स्वतःलाच माहीत नाही. दोन्ही वाईटच.

आणि एक. ‘एवढे लाख द्या, नेमणुकीला मान्यता आणून देतो’ असं म्हणणारा भेटला तर चहासुद्धा न पिता उठा. २०२५ साली नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं. शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली आणि ज्यांच्या नावानं आयडी निघाले होते ते शिक्षक चौकशीच्या फेऱ्यात आले. जमीन विकून पैसे भरणाऱ्याच्या हाती शेवटी नोटीस येते.

टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल थोडक्यात. पहिली ते आठवीला शिकवायचं तर ती लागतेच, पेपर एक पाचवीपर्यंत, पेपर दोन सहावी ते आठवी. ‘खाजगीत कोण विचारतंय’ हे दिवस आता गेले. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं नोकरीत असलेल्या, पण निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या शिक्षकांनाही ती दोन वर्षांत पास व्हायला सांगितलं. आणि वरच्या टेटशी हिची गल्लत करू नका. एक पात्रतेची, दुसरी भरतीची. नोकरी लागायच्या आधी टीईटी काढून टाका, नोकरीत अभ्यास होत नाही.

पैसा येतो कुठून

हा हिशेब मला सुरुवातीला कोणी सांगितला असता तर बरं झालं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ‘मॅडम, शाळेला परवडत नाही’ हे वाक्य तुम्ही ऐकणार आहात. ते खरं आहे की नाही हे तुमचं तुम्हाला काढता आलं पाहिजे.

समजा चारशे मुलांची शाळा, वर्षाची फी १५,०००. त्यात साठ मुलं आरटीई, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांतली, त्यांच्याकडून फी घ्यायची नाही. राहिली ३४०. सगळ्यांनी भरली तर ५१ लाख. पण सगळे भरत नाहीत. शंभरातल्या ऐंशींनी भरली तरी संस्थाचालक समाधानी असतो. म्हणजे ४० लाख ८० हजार. इमारतीचं भाडं किंवा कर्जाचा हप्ता, गाड्यांचं डिझेल, वीज, परीक्षा, गॅदरिंग ह्यात १८ लाख गेले. उरले २२ लाख ८० हजार, म्हणजे महिन्याला १ लाख ९० हजार. क्लार्क, शिपाई मामा, मावशी, ड्रायव्हर अशा सहा जणांना सात-सात हजार धरा, ४२ हजार. शिल्लक १ लाख ४८ हजार, आणि शिक्षक सोळा. माणशी ९,२५०. ह्यात संस्थाचालकानं स्वतःसाठी एक रुपया घेतलेला नाही.

आता आरटीईची साठ मुलं. त्यांच्या फीची भरपाई सरकारनं शाळेला द्यायची. महाराष्ट्रात मुलामागं वर्षाला १७,६७० हा दर, शाळेची फी त्याहून कमी असेल तर फीइतकेच पैसे. २०२०-२१ ला, कोविडच्या वर्षी, तो दर ८,००० वर आणला होता. आपल्या हिशेबात साठ गुणिले पंधरा हजार, नऊ लाख. सोळा शिक्षकांत वाटले तर प्रत्येकाच्या पगारात महिन्याला साडेचार हजारांहून जास्त भर. पण ही भरपाई वेळेवर येत नाही, वर्ष-वर्ष थकते. तुमच्या पगारातला तिसरा हिस्सा असा कुठल्या तरी फायलीत अडकलेला असतो आणि तुम्ही मुख्याध्यापिकेवर चिडता.

दुसरी बाजूही आहे. हजार-दीड हजार मुलांची शाळा, फी तिप्पट, दरवर्षी नवीन मजला चढतोय, आणि शिक्षकाला तरी नऊच हजार, तर तिथलं रडगाणं खोटं. वरचा हिशेब अशा वेळी कामाला येतो. पट आणि शिक्षकसंख्या यूडायसवर असते, फी पालकांना विचारली की कळते. बाकी बेरीज-वजाबाकी तुम्हाला येतेच, बी.एड. झालाय.

‘पुढच्या वर्षी दुप्पट करू’ हे आश्वासनही ह्याच हिशेबानं तपासा. २०११ च्या फी-नियमन कायद्यानुसार फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढं ठेवून ठरवावी लागते आणि एकदा ठरली की दोन वर्षं तीच. फी वाढायची नाही, पट वाढायचा नाही, मग दुप्पट कुठून येणार?

सोलापूरची आणखी एक गोष्ट बाहेरून आलेल्यांना कळत नाही. इथं फी येण्याचे हंगाम आहेत. पूर्व भागात, अशोक चौक, अक्कलकोट रोडच्या बाजूला, पालक यंत्रमागावर नाहीतर टॉवेल-चादरीच्या कारखान्यात. आई विड्या वळणारी. आठवड्याच्या हिशेबावर चालणारं घर जूनमध्ये वह्या-पुस्तकं-गणवेशातच रिकामं होतं. तिथं फी दिवाळीचा बोनस हातात आला की भरली जाते. मोहोळ, माढा, पंढरपूरकडची बस जिथं येते त्या शाळांत ऊसबिलाची वाट. उसाचं बिल चौदा दिवसांत द्यायचा नियम आहे, पण कारखाने तो किती पाळतात ते शेतकऱ्याला विचारा. बिल निघालं की जानेवारी-फेब्रुवारीत ऑफिसच्या खिडकीशी रांग लागते. म्हणून छोट्या शाळांत जुलै ते ऑक्टोबर हे पगाराचे सर्वांत वाईट महिने. पहिल्या वर्षी हाताशी दोन महिन्यांचं घरखर्चाचं ठेवून मगच अशा शाळेत जा. वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणार असाल तर नक्कीच.

ऑर्डर हातात घेतल्याशिवाय

तोंडी नेमणूक ही ह्या धंद्यातली सगळ्यांत मोठी कीड आहे. ‘सोमवारपासून या’ म्हणतात, आपण जातो, मस्टरवर सही करतो आणि पगार पाकिटातून मिळतो. तीन वर्षांनी अनुभवाचा दाखला मागितला की ‘रेकॉर्डला नाव नाही’.

राज्यातल्या खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्ती कायदा आहे आणि त्याखाली १९८१ ची नियमावली. विनाअनुदानित मान्यताप्राप्त शाळाही त्यात येते, हे कित्येक जुन्या शिक्षकांनाही माहीत नसतं. कायमच्या रिकाम्या पदावर नेमणूक असेल तर दोन वर्षं परिविक्षा, म्हणजे प्रोबेशन, आणि ते नीट पार पडलं की कायम. म्हणूनच बऱ्याच संस्था जून ते एप्रिलची ‘तात्पुरती’ ऑर्डर देतात, मे महिना कोरडा ठेवतात आणि जूनमध्ये नवी ऑर्डर. ऑर्डर मिळाली की तीन गोष्टी शोधा: परिविक्षाधीन की तात्पुरती, पद कुठलं, आणि मे महिन्याचा पगार आहे की नाही. त्याखाली जावक क्रमांक आणि तारीख पाहिजे. यूडायसमध्ये शिक्षक म्हणून तुमचं नाव चढलं का, हे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये क्लार्ककडं गोड बोलून बघून घ्या. ती नोंद पुढं फार उपयोगी पडते.

मूळ प्रमाणपत्रं कोणाकडंही ठेवायची नाहीत. पडताळणीला दाखवा, झेरॉक्स साक्षांकित करून द्या, मूळ परत. ‘सगळेच ठेवतात’ असं सांगतील. सगळे ठेवतात म्हणूनच सगळे अडकतात.

पगारपत्रकाचंही बघा. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर पीएफ लागू. मोजताना मावशी आणि ड्रायव्हरही धरायचे, तरी काही ठिकाणी मस्टर एकोणीसवर थांबतं. बारा हजारांच्या पगारावर तुमचे १,४४० आणि शाळेचे १,४४०. शाळेनं तुमच्या पगारातूनच २,८८० कापले तर ते बेकायदा आहे. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा क्रमांक, मागा, उमंग ॲपवर पासबुक बघा. कापलेले पैसे खरंच भरले का तिथं कळतं. व्यवसाय कराचं एक सांगते, कारण दर वर्षी कोणीतरी नवीन मुलगी पगाराची स्लिप घेऊन येते: एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या बाईला महाराष्ट्रात व्यवसाय कर नाही. बारा हजारांतून दोनशे कापले असतील तर क्लार्कला विचारा, बहुतेक वेळा जुनाच तक्ता चालू असतो.

सीबीएसईच्या संलग्नता नियमांत राज्य सरकारच्या बरोबरीनं पगार द्यायचा असं लिहिलंय. त्यातून एक प्रकार जन्माला आला. बँकेत पूर्ण पगार जमा होतो आणि पाच-सहा तारखेला वरची रक्कम रोख परत द्यायची. काही जणांचं एटीएम कार्डच ऑफिसच्या कपाटात असतं. माझी एक मैत्रीण अशा ठिकाणी होती. तिच्या नावावर उत्पन्न दिसत होतं आणि हातात निम्मं येत होतं, त्यात भावाच्या मुलीच्या शिष्यवृत्तीला उत्पन्नाचा दाखला लागला तेव्हा घरात भांडण. अशा शाळेला नकार देणं हे मी शौर्य मानत नाही, साधा हिशेब आहे: कागदावर श्रीमंत आणि हातानं गरीब, दोन्हीकडून तोटा.

मुलाखत

डेमो तासाची तयारी सगळे करतात, प्रश्न विचारायची करत नाहीत. मुलाखत घेणारी म्हणून सांगते, विचारणाऱ्याचा राग येत नाही. उलट हा टिकेल असं वाटतं. विचारायचं असं: पगार किती तारखेला होतो आणि मागच्या ऑगस्टमध्ये किती तारखेला झाला. आठवड्याला तासिका किती. माझ्या आधी ह्या पदावर कोण होतं आणि का गेलं. मे महिन्यात ॲडमिशनसाठी घरोघर फिरावं लागतं का, आणि त्याचं टार्गेट आहे का. शेवटच्या प्रश्नावर समोरचा जरा घुटमळला तर समजा आहे.

उत्तरं एवढ्यावर धरू नका. बाहेर पडताना गेटवरच्या मामांशी दोन मिनिटं बोला. ‘मामा, पगार वेळेवर होतंय का?’ एवढंच. मामा खोटं बोलत नाहीत, कारण पगार थकला की पहिल्यांदा त्यांचाच थकतो. आणि दुपारच्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डोकावता आलं तर बघा. सगळ्या चेहऱ्यांवर पहिल्या वर्षाचं बावरलेपण असेल तर जुनी माणसं टिकत नाहीत.

मग टिकवतं काय

माझ्या दुसऱ्या शाळेतल्या मुख्याध्यापिका बाईंकडून मी जे बघितलं ते सांगते, कारण शाळा गरीब होती आणि तरी स्टाफ हलत नव्हता.

पगार उशिरा होणार असेल तर त्या एक तारखेलाच फळ्यावर लिहायच्या: ‘ह्या महिन्यात १४ तारखेला.’ आणि १४ ला व्हायचा. ज्यांचा गाडीचा किंवा बचत गटाचा हप्ता असेल त्यांनी आधी सांगायचं, त्यांना आगाऊ थोडे मिळायचे. पैसे तेवढेच, उशीरही तेवढाच, पण कोणी कुजबुजत बसायचं नाही. तारीख माहीत असली की माणूस उसनवारीसुद्धा ताठ मानेनं करतो.

शिक्षकांचा ऑफ, म्हणजे मोकळा, तास त्या कधी काढून घ्यायच्या नाहीत. कोणी रजेवर असेल तर स्वतः वर्गावर जायच्या. बाहेरच्यांना हे किरकोळ वाटेल. ज्यानं आठपैकी सात तास घेऊन उरलेल्या एका तासात साठ वह्या तपासायला काढल्या आहेत, आणि तेवढ्यात ‘सर, सातवी ब रिकामी आहे’ असा निरोप आलेला आहे, त्याला विचारा.

सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, आणि कधी पहाटे, कधी सकाळी सात वाजता. त्या दिवशी घरातली बाई उशिरा निघणार हे ठरलेलं. बाईंनी स्टाफचे पाण्याचे दिवस एका कागदावर लिहून घेतले होते आणि त्या दिवशी त्या शिक्षिकेला पहिली तासिका लावायच्या नाहीत. दुसऱ्या एका शाळेत अशाच उशिराला निम्म्या दिवसाचा पगार कापायचे आणि ती शाळा दर मे महिन्यात पेपरात असायची.

बाई आमच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसायच्या. तपासणी म्हणून नव्हे, टाचणवही हातात घेऊन तास संपेपर्यंत गप्प. नंतर एकच गोष्ट सांगायच्या. मला पहिल्यांदा म्हणाल्या, ‘तू फळ्याशी बोलतेस, पोरांकडं वळून बोल.’ बी.एड.च्या सगळ्या पाठांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. शिकायला मिळतंय असं वाटलं की पगाराचा सल कमी होतो. संपत नाही, हेही खरं.

पूर्व भागातल्या शाळेत मला टिकवलं ते पोरांनी. घरी तेलुगू, गल्लीत हिंदी, पुस्तक इंग्रजी, आणि मी समजावणार मराठीत. काही घरांत कन्नड. नवीन शिक्षक तिथं पहिल्या महिन्यातच ‘पोरांना काही येत नाही’ म्हणून वैतागतो. मी शेजारच्या बाकावरच्या मुलीकडून ओकटी, रेंडू, मूडू, नालुगु शिकून घेतलं आणि बेरीज तेलुगूतून सुरू केली. वर्ग हसला, मग गप्प झाला, मग करायला लागला. ‘टीचर को आता है’ ही बातमी दोन दिवसांत सगळ्या गल्लीत. पालकसभेला विड्यांचं सूप बाजूला ठेवून आलेल्या आया माझ्याशी तेलुगूत बोलू लागल्या. मला निम्मंच कळायचं. ह्या भागात नोकरी मिळाली तर महिनाभरात आकडे, ‘बस’, ‘लिही’, ‘वाच’ एवढं तरी शिका. गणित सोपं होतं आणि तुमचे पहिले सहा महिनेही.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही: ‘शिक्षकी पेशा ही सेवा आहे’ हे पगाराच्या दिवशी ऐकवणं. ५ सप्टेंबरला गुलाबाचं फूल आणि ६ सप्टेंबरला ‘अजून फी जमली नाही’. आपल्या जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० ला जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हापासून संस्थाचालकांच्या भाषणात त्यांचं नाव आलंच. ते जिल्हा परिषदेचे शिक्षक होते, वेतनश्रेणीवर. हे भाषणात येत नाही.

शिकवण्यांचं सगळे विचारतात. आरटीई कायद्याच्या कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खाजगी शिकवणीला बंदी आहे. पण आठ हजारांत घर चालत नाही हेही सगळ्यांना माहीत आहे, आणि संध्याकाळी जुळे सोलापुरात कुठल्याही गल्लीत गेलात तर काय चालतं ते दिसेल. मी एवढंच पाळते: स्वतःच्या वर्गातलं मूल शिकवणीला घेत नाही. वर्गात अर्धवट ठेवून घरी पूर्ण करण्याचा मोह तिथंच सुरू होतो.

सोडताना

सोडण्यात लाज नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पवित्रची यादी लागली तेव्हा शहरातल्या कितीतरी शाळांतून माणसं गेली, दहावीची परीक्षा तोंडावर असताना. सोलापूरसारख्या शहरात मुख्याध्यापक एकमेकांना ओळखतात. तुम्ही कसे गेलात हे पुढच्या मुलाखतीआधी पोचतं. झालेला पोर्शन, राहिलेला पोर्शन, कच्च्या मुलांची यादी, गुणांच्या नोंदी, एवढं पुढच्याच्या हातात देऊन जा. 

राजीनामा कायम नसाल तर एक महिन्याच्या नोटिशीनं, कायम असाल तर तीन महिन्यांच्या. दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत रजिस्टर पोस्टानं संस्थेला आणि एक तुमच्याकडं. हे मी मनानं सांगत नाही, सेवाशर्ती कायद्याच्या कलम ७ मध्येच ही पद्धत आहे. नेमणुकीच्या दिवशीच कोऱ्या तारखेचा राजीनामा लिहून घेणारे असतात, म्हणून ही काळजी. उलट संस्थेनंच काढून टाकलं तर आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडं अपील करावं लागतं. लेबर कोर्टाकडं धावू नका. शिक्षक हा ‘कामगार’ नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८८ चा निकाल आहे. ते तीस दिवस ‘अध्यक्षांना भेटू, समजावू’ ह्यात घालवणारे मी पाहिलेत.

दाखला घेताना वर्ग, विषय, कधीपासून कधीपर्यंत, जावक क्रमांक, शाळेचा यूडायस क्रमांक, सही-शिक्का बघून घ्या. पीएफ काढून मोडू नका, त्याच यूएएनवर पुढच्या शाळेत न्या; पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते आणि ती अशीच तुकड्या-तुकड्यांनी जमते.

ग्रॅच्युइटीचं शिक्षकांना कोणी सांगत नाही. एका ठिकाणी सलग पाच वर्षं झाली की ती लागते. शिक्षकांना तिच्यात आणणारी कायद्यातली दुरुस्ती २००९ ची, लागू ३ एप्रिल १९९७ पासून, आणि खाजगी शाळांनी तिला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयानं २०२२ च्या ऑगस्टमध्ये फेटाळलं. शेवटचा पगार भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले वर्षं. तेरा हजार पगार असेल तर वर्षाला साडेसात हजार. सहा वर्षांचे पंचेचाळीस हजार. आमच्या एका सहकारी बाईंनी ही मागितली तेव्हा ऑफिसातून उत्तर आलं, ‘टीचर लोकांना ग्रॅच्युइटी नसतंय मॅडम.’ त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज, सोबत निकालाची झेरॉक्स आणि पोच घ्यायला अर्जाची दुसरी प्रत घेऊन आल्या. क्लार्कनं पोच दिली, अर्ज सचिवांकडं गेला, सचिवांनी वकिलाला विचारलं. चेक निघायला दिवाळी उजाडली, पण निघाला.